पाटीच्या आधी गप्पा

पालकहो, आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात लेकरू तीन वर्षांचं झालं की घरोघर एकच चर्चा सुरू होते. अंगणवाडीत घालायचं की स्टँडमागच्या इंग्रजी नर्सरीत? तुमच्या मनातली धाकधूक मला कळते. पोराची फी भरायला घरातले किती खर्च मागे टाकले जातात, तेही मी बघते. म्हणूनच पहिलीच्या वर्गावर शिकवणारी बाई म्हणून चार शब्द मोकळेपणानं सांगते.

जूनमध्ये नवी मुलं वर्गात आली की मी पाटी-पेन्सिल काढायला लावत नाही. पुढ्यात मूठभर चिंचोके ठेवते आणि म्हणते, "यातले मला सात दे." शंभरपर्यंतचे अंक सरसर लिहिणारं एखादं लेकरू अख्खी ओंजळ माझ्या हातात रिकामी करतं आणि चेहऱ्याकडे बघत राहतं. त्याला अंक येतो, सात म्हणजे किती हे उमगलेलं नसतं. शेजारची एखादी मुलगी मात्र बोटानं एकेक चिंचोका सरकवत मोजते आणि वर विचारते, "बाई, आता यांचं काय करायचं?" अशा मुलीची मला काळजी वाटत नाही. तिला अक्षरं येत नसली तरी दिवाळीपर्यंत ती वाचायला लागते. अशी मुलं कुठून येतात? जिथे त्यांच्याशी कुणीतरी बोललेलं असतं, तिथून. कधी ते घर असतं, कधी अंगणवाडी.

याचा एक मोठा पडताळा अमेरिकेत झाला आहे. मिशिगन राज्यात इप्सिलँटी नावाचं लहानसं शहर आहे. तिथल्या सार्वजनिक शाळांमध्ये गरीब कृष्णवर्णीय घरांतली मुलं मागे पडत, नापास होत. शाळा विभागातले एक अधिकारी, डेव्हिड वायकार्ट यांनी 1962 मध्ये पेरी प्राथमिक शाळेत अशा घरांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. एकूण 123 मुलं निवडली, त्यातली 58 बालवाडीत आली, 65 आली नाहीत. सकाळी अडीच तासांचा वर्ग. मूल आधी ठरवायचं की आज मी काय करणार, मग ते करायचं, मग काय केलं ते सगळ्यांना सांगायचं. शिवाय शिक्षिका दर आठवड्याला मुलाच्या घरी जाऊन दीड तास आईसोबत बसत.

पुढचं नीट ऐका. या मुलांचा बुद्ध्यांक सुरुवातीला चांगला वाढला आणि प्राथमिक शाळेत काही वर्षं गेल्यावर बाकीच्या मुलांच्या बरोबरीला आला. तिथेच कुणी हिशेब मिटवला असता तर पैसे पाण्यात गेले असंच म्हटलं असतं. पण संशोधकांनी त्या मुलांचा माग चाळिशीपर्यंत सोडला नाही. बालवाडीत गेलेल्यांपैकी 77 टक्क्यांनी शालेय शिक्षण पुरं केलं होतं, न गेलेल्यांपैकी 60 टक्क्यांनी. पाच किंवा जास्त वेळा अटक झालेल्यांचं प्रमाण 36 टक्के आणि 55 टक्के. मुलं संख्येनं थोडी होती हे खरं, पण एवढा फरक सहज बाजूला सारता येत नाही.

आणि दुसरी बाजूही सांगायला हवी. टेनेसी राज्याच्या सरकारी बालवाड्यांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात जवळपास तीन हजार मुलं होती. सहावीपर्यंत पोचल्यावर बालवाडीत गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा परीक्षेत मागे होती, आणि शिस्तीच्या तक्रारीही त्यांच्याच जास्त. त्या अभ्यासातल्या डेल फॅरन यांनी बोट ठेवलं ते सगळ्या वर्गाला एकत्र बसवून, गप्प ठेवून शिकवण्यावर. म्हणजे नुसती बालवाडी असून भागत नाही. आत काय चालतं, त्यावर सगळं आहे.

आपल्याला हे परक्यांकडून शिकायचीही गरज नव्हती. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम मांडलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, आणि दोघींनी शिंपले, पानं, बिया, खडे हेच शिक्षणाचं साहित्य केलं. ज्या मुलांना शाळेपर्यंत येता येत नव्हतं, त्यांच्या अंगणात त्या बालवाडी घेऊन गेल्या. 1975 च्या 2 ऑक्टोबरला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि आपल्या राज्यात तिची सुरुवात मेळघाटातल्या धारणीपासून झाली. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं तर तीन ते आठ हा एकच टप्पा मानला आहे. त्या हिशेबानं पहिली हे शिक्षणाचं चौथं वर्ष ठरतं.

अंगणवाडीच्या ताईंवर कामाचं ओझं किती आहे, तेही बघा. वजनं, लसीकरणाचे दिवस, आहार, मोबाइलवरच्या नोंदी, आणि त्यातून उरलेल्या वेळात शिकवणं. अशात आपणच जाऊन "वहीत काही लिहून घेत का नाही?" असं विचारलं, तर त्या बिचाऱ्या गाणी-गोष्टी बंद करून अक्षरं गिरवायला लावणारच. खाजगी नर्सरीतही हेच होतं, कारण वही भरलेली दिसली की आपल्याला फी वसूल झाल्यासारखी वाटते.

तेव्हा माझं एवढं ऐका. लेकराला रोज, वेळेवर अंगणवाडीत पाठवा, फक्त खाऊच्या वेळेपुरतं नको. घरी भाजी निवडताना शेंगा मोजायला द्या, आज काय खेळलास ते विचारा आणि त्याचं सांगून होईपर्यंत मोबाइल बाजूला ठेवा. आणि पुढच्या पालकसभेला आलात, तर ताईंना वही दाखवायला सांगू नका. "आमचं पोर इथे बोलतं का, काय बोलतं?" एवढंच विचारा.