सफर आणि सफारी

'सफारी' हा शब्द पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतला. त्याचा अर्थ प्रवास. तो तेथे अरबीतून गेला आणि त्याच अरबी शब्दाने फारसीच्या वाटेने येऊन आपल्या मराठीला 'सफर' दिली. शब्द एकाच घरचे. पण आज सफारी म्हटले की उघडी जीप, गळ्यातली दुर्बीण आणि वाघ एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. या प्रवासात वाघाइतकाच मोलाचा असतो तो वाटाड्या. ही गोष्ट मला आपल्याच जंगलात कळली, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्ञानगंगा अभयारण्य आपणांस परके नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेतील सुमारे २०५ चौ. कि. मी. चे हे रान १९९७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. बुलढाण्याहून बोथ्यामार्गे खामगावला जाणारा रस्ता याच रानातून जातो. येथे बिबटे, अस्वले, नीलगाई, रानडुकरे आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये येथे एक पाहुणा आला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला 'टी१-सी१' हा तरुण वाघ नव्या मुलखाच्या शोधात शेते, नाले, रस्ते ओलांडीत येथवर पोहोचला. त्याच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ-पट्टा बांधला होता. तो २०२० च्या एप्रिलमध्ये काढला, तेव्हा त्याची एकूण चाल ३,००० कि. मी. हून अधिक भरली. 'वॉकर' या नावाने तो देशभर गाजला आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न झाला: "वाघ दिसला का?"

एका बुद्धपौर्णिमेला पाणवठ्याजवळच्या मचाणावर रात्र काढण्याची परवानगी मला मिळाली. सोबतीला एक वृद्ध वनमजूर होते. पूर्वी ते याच रानाच्या कडेने गुरे चारीत. मी त्यांना मामा म्हणू लागलो. रात्रभर वाघ आला नाही. सकाळी मी हिरमुसून खाली उतरलो, तेव्हा मामा म्हणाले, "बापू, वाघ पाहाले सारेच येतात. रान पाहाले कोनी येत नाही."

मग त्यांनी मला धुळीतली पाने वाचून दाखविली. चार बोटे, नखांचा मागमूस नाही, तो बिबट्या. तो चालताना नखे आत ओढून घेतो. तसाच ठसा, पण नखे उमटलेली, ते तरस. माणसाच्या पावलासारखा लांबट ठसा आणि पुढे लांब नखांच्या खुणा, ते अस्वल. विष्ठेत बोरांच्या बिया होत्या, जवळचे वारूळ उकरलेले होते. चिमूटभर धूळ हवेत सोडून त्यांनी वाऱ्याची दिशा पाहिली आणि आम्ही वाट बदलली. वारा आमच्याकडून झुडपाकडे वाहत होता. अस्वलाची नजर अधू, पण नाक तिखट. शिवाय अवचित गाठ पडली, तर ते पळण्याऐवजी अंगावर येते. आपल्या भागात अस्वलाने जखमी केलेली माणसे पाहिलेल्यांना या चिमूटभर धुळीची किंमत सांगावी लागणार नाही.

दक्षिण आफ्रिकेत याच विद्येवर पायी सफारी उभी आहे. क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९७८ पासून अशा पायवाटा चालविल्या जातात. एका वेळी आठांहून अधिक पाहुणे नेत नाहीत. पुढे सशस्त्र वाटाडे आणि मागे मुकाट्याने एका रांगेत पाहुणे. तेथील पांढरा गेंडा वाचविण्याच्या मोहिमेमुळे प्रसिद्ध झालेले इयान प्लेअर हे आपला गुरू म्हणून मॅगकूबू न्टोम्बेला या झुलू वाटाड्याचे नाव घेत. या गुरूला लिहितावाचता येत नव्हते.

तेथील लुई लीबेनबर्ग यांनी तर अशा माणसांसाठी परीक्षाच सुरू केली. १९९४ पासून प्रत्यक्ष जंगलात ठसे दाखवून प्रश्न विचारले जातात आणि उत्तीर्ण होणाऱ्यास दर्जानुसार प्रमाणपत्र मिळते. पाटी-पेन्सिल न धरलेला मागकाढ्याही त्या प्रमाणपत्राच्या बळावर आपल्या ज्ञानाचे मोल मागू शकतो. निरक्षरांना वापरता यावे म्हणून नोंदी करण्याचे चित्रखुणांचे एक यंत्रही त्यांनी तयार करविले.

आमच्या मामांजवळ असे कोणतेही प्रमाणपत्र नाही. त्यांचा मुलगा कामासाठी दूर शहरात आहे, आणि नातवाला ठशांपेक्षा वॉकरची चित्रे अधिक ठाऊक आहेत. "माह्यामागं हे कोन सांगंन?" असे ते सहज म्हणाले. त्यावर मला उत्तर सुचले नाही.

ते येथे देण्याचा प्रयत्न करतो. आपले महाविद्यालय कला शाखेचे. प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा आपल्याकडे नसली तरी भाषा आहे. ठसे, आवाज, झाडे, पाणवठे यांना घाटाखालची आणि घाटावरची माणसे जी वऱ्हाडी नावे देतात, ती त्यांच्याच तोंडून ऐकून, सांगणाऱ्याच्या नावासह टिपून घेणे हे मराठी विभागाचेच काम नव्हे काय? असा छोटासा कोश तयार झाला तर उद्याच्या स्थानिक वाटाड्यांचे ते पहिले पाठ्यपुस्तक ठरेल. पहिली तीस नावे मी मामांकडून वहीत उतरवून आणली आहेत. पुढच्या सुट्टीत कोणी बरोबर येत असल्यास त्यांनी अवश्य भेटावे.