अग्निसूचक साधने : जुनी व नवी

उद्देश : सार्वजनिक इमारतींतील अग्निसूचक साधने ओळखता येणे व इशारा होताच शिस्तीने बाहेर पडणे.

प्रस्तावना : ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षास आग लागून १० बालके दगावली. बंद खोलीतील धूर बाहेरच्यांस वेळीच कळत नाही. म्हणून इशाऱ्याचे महत्त्व.

निरीक्षण : तारकर्लीहून मालवणास क्षेत्रभेट काढून, पूर्वपरवानगीने एखादे रुग्णालय वा कार्यालय दाखवावे.

(१) हातघंटा : सर्वांत जुने साधन.

(२) काचेची लाल पेटी : काच फुटताच आतील कळ सुटून भोंगा वाजतो. ही पेटी नव्या इमारतींतही असते. तेवढ्यावरून यंत्रणा जुनी ठरवू नये. मात्र या दोन्ही साधनांस आग प्रथम माणसाने पाहावी लागते.

(३) छतावरील वाटोळा धूरसूचक : धुराच्या कणांनी आतील प्रकाश विखुरला की तो आपोआप इशारा देतो. स्वयंपाकघरात फोडणीच्या धुराने फसगत होऊ नये म्हणून उष्णतासूचक बसवितात.

(४) दर्शक-फलक : जुन्या फलकावरील दिवा केवळ विभाग दाखवितो, नव्यावर नेमके ठिकाण उमटते.

कृती : शाळेत यंत्र नसल्यास आगीसाठी घंटेचा निराळा, अखंड ठोका ठरवावा. तो सुटीच्या ठोक्याहून मुलांस ओळखता आला पाहिजे. अधूनमधून सराव घेऊन मैदानात हजेरी घ्यावी. इशाऱ्याचा अर्थ मुलांस ठाऊक नसेल, तर उत्तम यंत्रही व्यर्थ होय.