विमानाचे अंतर आणि घड्याळाचा घोटाळा

खालापूर तालुक्यातील खोपोली आणि घाटमाथ्यावरचे लोणावळा यांतील सरळ अंतर जेमतेम सात-आठ कि.मी. भरते. पण खोपोलीहून रेल्वेने लोणावळ्याला जायचे तर आधी उलटे कर्जतला यावे लागते, ते १५ कि.मी.; तेथून बोरघाट चढून लोणावळा आणखी २८. एकूण ४३! शिवाय घाटासाठी जादा इंजिने जोडायला अनेक गाड्या कर्जतला थांबतात. (तेवढ्यात वडे खाऊन होतात, ही गोष्ट निराळी.) सरळ अंतर, मार्ग आणि वेळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या भागातल्या विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही.

विमानाला घाट आडवा येत नाही. मग मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषा कोणती? मर्केटर पद्धतीच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका व अटलांटिक महासागरावरून जाते. तिच्यावरून खरोखर उडाल्यास सुमारे १४,२०० कि.मी. पडतील. आता शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा चक्क उत्तरेकडे सरकतो. मध्य आशिया, रशिया, फिनलंड, आइसलँड असा जातो. गोलाचा व्यास ३० सें.मी. असेल तर दोरा सुमारे २९.५ सें.मी. भरेल, म्हणजे सुमारे १२,५०० कि.मी. गोलावरच्या या सर्वांत जवळच्या वाटेला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. प्रत्यक्षात विमान याही वाटेवरून तंतोतंत जात नाही. वारा पाहावा लागतो, देशांच्या परवानग्याही लागतात. २०१९ साली पाकिस्तानने काही महिने आपले आकाश बंद ठेवले, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या कित्येक विमानांना मोठा वळसा पडला.

खरी गंमत वेळेची आहे. समजा, कर्जतची एक मुलगी हिवाळ्यात रात्री दीडच्या विमानाने निघाली. तिकिटावर न्यूयॉर्कला पोचण्याची वेळ त्याच दिवशी सकाळी सातची. घरच्यांनी वजाबाकी केली, साडेपाच तास! सात वाजून गेले, आठ वाजले, फोन नाही. आईच्या घशाखाली चहा उतरेना. वास्तविक विमान तेव्हा अर्ध्या वाटेवरही पोचलेले नसते.

पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे. (कर्जत ७३.३ अंशांवर, म्हणून आपल्याकडे सूर्य सरासरीने १२ वाजून ३७ मिनिटांनी माथ्याच्या रेषेवर येतो.) न्यूयॉर्कचे हिवाळी घड्याळ ७५ अंश पश्चिमेवर चालते. बेरीज १५७.५ अंश, म्हणजे साडेदहा तासांचा फरक. तेथे सकाळचे सात, तेव्हा कर्जतला सायंकाळचे साडेपाच. प्रवास १६ तासांचा!

परतताना ती दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी एकला मुंबईत उतरली. घड्याळे म्हणतात २५ तास. आता साडेपाच आणि पंचवीस यांची बेरीज करा: साडेतीस. जाताना कमी झालेले साडेदहा तास येताना परत मिळाले, त्यामुळे ही बेरीज दोन्ही फेऱ्यांचा खरा वेळ दाखवते. त्यातून जाण्याचे १६ वजा केले की येण्याचे साडेचौदा उरतात. हा दीड तासाचा फरक मुख्यतः वाऱ्याचा. सुमारे १० कि.मी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान जेट प्रवाह वाहतात. ते जाताना विमानाला अडवतात, येताना ढकलतात.

उन्हाळ्यात न्यूयॉर्कची घड्याळे एक तास पुढे असतात. दोन्ही विमाने तेथील घड्याळाप्रमाणे दुपारी बाराला व आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री दीडलाच सुटली, तर साडेपाच आणि पंचवीस या आकड्यांचे काय होईल? बेरीज बदलेल का? वहीत मांडून पाहा.