कॉलमला हात लावून पाहिलास का?

मे महिन्यातली दुपार. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत मी तेव्हा क्वालिटी कंट्रोलला होतो, नोकरीचं दुसरं वर्ष. लिग्नोकेन इंजेक्शनची बॅच डिस्पॅचसाठी अडलेली आणि एचपीएलसीवर सिस्टम सुटेबिलिटीच पास होईना. लिग्नोकेन आणि त्यातलं प्रिझर्व्हेटिव्ह मिथाइलपॅराबेन या दोन पीकमधलं रिझोल्यूशन किमान 2.0 हवं होतं, येत होतं 1.3. जानेवारीत हीच मेथड पाचच्या घरात आकडा देत असे.

मी नेहमीचे सगळे उपाय केले. मोबाइल फेज नव्याने बनवला, फॉस्फेट बफरचा पीएच 6.5 पुन्हा तपासला, शेवटी कोरा करकरीत कॉलमही लावला. फरक शून्य.

संध्याकाळी सर आले. त्यांनी जानेवारीचा आणि आजचा क्रोमॅटोग्राम एकावर एक धरून उजेडाकडे केला. पॅराबेन एक मिनिट लवकर आला होता. लिग्नोकेन मात्र अर्धा मिनिट उशिरा! सर म्हणाले, “सगळेच लवकर आले असते तर फ्लो बघितला असता. एक पुढे, एक मागे? कॉलमला हात लावून पाहिलास का?”

लावला. स्टीलची नळी चक्क कोमट लागत होती. एसी दोन दिवस बंद होता. मेथडमध्ये ‘ॲम्बियंट’ लिहिलेलं, म्हणून कॉलम ओव्हनबाहेर क्लिपला लटकवलेला. खोलीत 36 अंश, जानेवारीत असायचे 22.

सरांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. पॅराबेनसारखा जवळजवळ न-आयनित रेणू तापमान अंशाने वाढलं की साधारण 1 ते 2 टक्के लवकर बाहेर पडतो. लिग्नोकेन अमाइन आहे. अमाइनचा पीकेए दर अंशाला साधारण 0.02 ते 0.03 ने उतरतो. चौदा अंशांत 7.9 चा 7.5 झाला, तर पाण्यात पीएच 6.5 ला न-आयनित रेणू 4 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर जातात. ॲसिटोनायट्राइल मिसळलं की आकडे बदलतात, दिशा तीच राहते. हे न-आयनित रेणूच सी-18 ला घट्ट धरून बसतात. फॉस्फेट बफर मात्र त्याच चौदा अंशांत जेमतेम 0.04 हलतो. थोडक्यात, मी पीएच मीटरवर जपलेला पीएच जागेवरच होता, औषधच त्याच्याकडे सरकलं होतं.

तेव्हापासून काही गोष्टी मी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगतो. मेथडमध्ये ‘ॲम्बियंट’ लिहू नका, तारापूरची ॲम्बियंट आणि हिमाचलातल्या बद्दीची ॲम्बियंट एक नव्हे. 35 अंश लिहा (खोलीचा एसी मात्र चालू हवा), कारण बऱ्याच ओव्हनना तापवता येतं, थंड करता येत नाही. ओव्हन तापल्यावर लगेच इंजेक्शन मारू नका, कॉलम आतपर्यंत स्थिरावायला अर्धा तास द्या. पीएच शक्यतो पीकेएपासून दोन युनिट लांब ठेवा. बफर ट्रिसचा असेल तर तो स्वतःच अंशाला सुमारे 0.028 ने उतरतो. अमाइनच्या जोडीने उतरत असल्यामुळे तिथे परिणाम बराचसा फिटतो, पण कार्बोक्झिलिक आम्लाचा पीकेए जवळपास स्थिर असतो, त्याची पीक उलट उशिरा येऊ शकते. मीटरचं तापमान कॉम्पेन्सेशन इलेक्ट्रोड सुधारतं, बफर नव्हे. म्हणून पीएच कोणत्या तापमानाला मोजला, तेही लिहा.

आणि अमेरिकन फार्माकोपियाच्या 621 क्रमांकाच्या चॅप्टरमध्ये आयसोक्रॅटिकला 10 अंशांची मुभा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती मुभा घेतली तरी सिस्टम सुटेबिलिटी पास व्हावीच लागते. माझे तर चांगले चौदा अंश होते.

ती मेथड आम्ही पुढे कमी पीएचला, 35 अंशांवर नव्याने व्हॅलिडेट केली. त्या दुपारचा कोरा कॉलम अजून चांगला चालतो. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.