बेंड पाईपला चीर: वेल्डिंग करावे की नवा बसवावा?

सकाळी मोटारसायकल चालू करताच इंजिनाजवळून ‘फट फट’ आवाज येतो, गाडी तापली की तो थोडा कमी होतो आणि ॲक्सिलरेटर सोडला की मागे फटाके फुटल्यासारखे वाटते. अशा वेळी बहुधा बेंड पाईपमधून, म्हणजे इंजिनाच्या हेडपासून सायलेन्सरपर्यंत जाणाऱ्या वळणदार नळीतून, धूर गळत असतो. गळतीच्या जागी काळी काजळी धरलेली दिसते. धातू तापला की फुगतो आणि बारीक चीर काही अंशी मिटते, म्हणून तपासणी गाडी पूर्ण थंड असतानाच करावी. तापलेल्या पाईपने हात भाजतो हे वेगळे सांगायला नको.

बचतीच्या पुस्तिकेत हा विषय कशाला, असे काही खातेदारांना वाटेल. पण पार्सल पोहोचवणारे, दूध घालणारे, विम्याचे हप्ते गोळा करणारे, दुकानोदुकानी माल दाखवणारे अशा कितीतरी खातेदारांचे पोट दुचाकीवर आहे. महिनाभर काटकसर करून बाजूला ठेवलेली रक्कम अशाच एका अचानक खर्चात जाते, आणि पुष्कळदा तो खर्च घाईत, हिशेब न करता केला जातो.

आधी सर्वांत स्वस्त शक्यता तपासून घ्या. हेड आणि पाईप यांच्यामध्ये एक गॅसकेट असते. ते दबले किंवा नट सैल झाले तरी अगदी असाच आवाज येतो. पाईपच्या तुलनेत गॅसकेटची किंमत किरकोळ असते. ‘पाईप गेला’ असे कोणी म्हणाले, तर चीर कुठे आहे ते दाखवायला सांगा.

चीर खरोखरच असेल, तर ती का गेली हा प्रश्न वेल्डिंगच्या दरापेक्षा महत्त्वाचा आहे. सायलेन्सर मागच्या बाजूला चौकटीला बोल्टने बांधलेला असतो. तो बोल्ट सैल असेल किंवा त्याचे रबर गेले असेल, तर सायलेन्सरचे सगळे वजन आणि थरथर बेंड पाईपवर येते. नळी हजारो वेळा वाकते आणि वळणाजवळ किंवा जुन्या जोडाशेजारी तडकते. हे कारण असेल तर धातू अजून चांगला असतो. पाईप गाडीवरून उतरवून, गंज घासून, चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून (म्हणजे चीर पुढे सरकत नाही) वेल्डिंग केले आणि मागचा बोल्ट व रबर बदलले, तर काम टिकते. पाईप स्टेनलेस स्टीलचा असेल तर टिग वेल्डिंग करणारा कारागीर शोधावा. बसवताना सगळे नट-बोल्ट आधी सैलसर लावून, मग हेडचे नट आणि शेवटी मागचा बोल्ट आवळावा. उलट क्रमाने आवळले की पाईप ताणात राहतो आणि पुन्हा तडकतो. नवे गॅसकेट मात्र दर वेळी घालावेच.

दुसरे कारण गंज. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालली तर पाईप पुरता तापत नाही, धुरातली वाफ आत पाणी होऊन साचते आणि नळी आतून खाल्ली जाते. अशा पातळ पत्र्यावर वेल्डिंग म्हणजे जीर्ण कापडाला ठिगळ. आज इथे जोडले की महिन्याभरात शेजारी फाटते.

आता हिशेब. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या मेकॅनिककडून आपल्या गाडीचे घेऊन त्यांच्या जागी घालावेत. समजा वेल्डिंग, गॅसकेट आणि मजुरी मिळून ६६० रुपये, नव्या पाईपचा सगळा खर्च ५,५०० रुपये, आणि गाडी एक दिवस उभी राहिली की ७०० रुपयांची कमाई बुडते. म्हणजे वेल्डिंगचा खरा खर्च १,३६० आणि नव्याचा ६,२००. नवा पाईप पाच वर्षे चालला तर महिन्याला सुमारे १०३ रुपये पडतात. वेल्डिंग सहाच महिने टिकले तर महिन्याला २२७ रुपये, म्हणजे दुपटीहून जास्त. पण तेच वेल्डिंग दोन वर्षे टिकले, तर महिन्याला ५७ रुपयेच. आणि गाडी दोन वर्षांत विकायचीच असेल, तर नव्या पाईपचे महिन्याला २५८ रुपये होतात. त्या गाडीला सहा महिने टिकणारे वेल्डिंगसुद्धा परवडते. म्हणून माझे मत असे की धातू चांगला असेल तर पहिल्या चिरेला बिनधास्त वेल्डिंग करावे, आणि त्याच पाईपला वर्षात दुसऱ्यांदा चीर गेली तर पैसे नव्यासाठी ठेवावेत.

एक गोष्ट आधी पाहावी लागते. काही गाड्यांत बेंड पाईप सुटा मिळतो, पण अनेक साध्या मोटारसायकलींत तो सायलेन्सरला जोडलेलाच असतो आणि पूर्ण संच घ्यावा लागतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या गाड्यांत या संचात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यामुळे किंमत चढते. याच गाड्यांत धुराच्या मार्गावर ऑक्सिजन सेन्सरही असतो. त्याच्या आधी चीर असेल तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर चुकीची खबर देतो आणि गाडी जास्त पेट्रोल पिते. तेव्हा ‘चालतेय तोवर चालू दे’ हा पर्याय फुकटचा नसतो. बाजारातला कन्व्हर्टर नसलेला स्वस्त सायलेन्सर बसवण्याचा मोह टाळावा. प्रदूषण किंवा आवाजाची मर्यादा मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

विम्यातून पैसे मिळतील का? झीज, गंज आणि यांत्रिक बिघाड सर्वसाधारण वाहन विम्यात बसत नाहीत. अपघातात पाईप मोडला असेल आणि स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचे संरक्षण घेतलेले असेल, तर दावा करता येतो. पण घसारा वजा होतो. गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर धातूच्या भागांवर ४० टक्के. शिवाय ‘नो क्लेम बोनस’ जातो, तो सलग पाच वर्षे दावा नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असतो. लहान दाव्यापेक्षा पुष्कळदा बोनसच मोठा निघतो.

पैसे हाताशी नसले की लोक दोन गोष्टी करतात. काही जण मोबाईल ॲपवरून कर्ज घेतात. समजा ६,००० मंजूर झाले, ५०० रुपये शुल्क आधीच कापले आणि महिन्याने ३ टक्के व्याजासह ६,१८० भरायचे. हातात ५,५०० आले, म्हणजे महिन्यासाठी ६८० रुपये मोजले. हा दर महिन्याला १२ टक्क्यांहून जास्त होतो. जाहिरातीतल्या ३ टक्क्यांकडे न बघता मुख्य तथ्य विवरणपत्रातला वार्षिक दर वाचा. ते देणे बंधनकारक आहे.

दुसरे म्हणजे मुदत ठेव मोडणे. आमच्या शाखेत एक खातेदार ५,५०० रुपयांसाठी ५०,००० ची ठेव मोडायला आले होते. ठेव मुदतीआधी मोडली की ती जितके दिवस राहिली त्या मुदतीचा दर लागतो आणि त्यातूनही साधारणपणे एक टक्क्यापर्यंत कपात होते. तीही सगळ्या पन्नास हजारांवर. त्याऐवजी ठेवीवर ५,५०० चे कर्ज ९ टक्के दराने तीन महिन्यांसाठी घेतले, तर व्याज सुमारे १२४ रुपये होते आणि ठेव जागेवर राहते. त्यांनी कर्ज घेतले. जनधन खातेदारांनी ओव्हरड्राफ्टची चौकशी करावी. पात्र खात्यांना १०,००० रुपयांपर्यंत तो मिळू शकतो.

गाडीवर कमाई असणाऱ्यांनी महिना ३०० रुपयांची आवर्ती ठेव गाडीच्या नावाने वेगळी ठेवावी. वर्षात ३,६०० जमतात, साडेसहा टक्के दर धरला तर वर सव्वाशे रुपयांच्या आसपास व्याज. पाईप तडकला नाही तर टायर आहेतच.

काम झाल्यावर भागाचा क्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्या, वेल्डिंग किती दिवस टिकेल याची हमी बिलावरच लिहून घ्या आणि जुना संच परत मागा. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात, त्यामुळे भंगारात त्याला साध्या लोखंडापेक्षा जास्त भाव येतो. गॅरेजवाल्याला तो ठेवायचा असेल, तर तेवढी रक्कम बिलातून वजा करून घ्यावी. पीयूसीची मुदत संपत आली असेल तर चाचणी दुरुस्तीनंतरच करा.