काडतुसांची टंचाई व पिकांची राखण

भात चिकांत आलें कीं रायगडाच्या पायथ्याच्या वाड्यांतून रात्रीची झोप उडते. हिरकणीवाडी, पाचाड व आसपासच्या गांवांतील शेतें उतारावर पायऱ्यापायऱ्यांनीं केलेलीं. वरच्या अंगास रान, सखल जागीं भात आणि वरकस जमिनींत नाचणी-वरी. रानडुकरांचा कळप एका रात्रींत जें तुडवितो व उकरतो, तें चार महिन्यांच्या कष्टाचें फळ असतें. म्हणून राखणीसाठीं बंदूक बाळगणारे शेतकरी या भागांत पूर्वींपासून आहेत. अलीकडे मात्र बंदूक आहे, पण दारू, टोप्या व काडतुसें वेळेवर मिळत नाहींत, अशी तक्रार ऐकूं येते. आणि उडालेलीं काडतुसें घरींच पुन्हां कां भरूं नयेत, असाही प्रश्न विचारला जातो. त्याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

टंचाईचीं कारणें

पहिलें कारण उत्पादनाचें. खडकी येथील दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालीं निघाला. छर्ऱ्यांचीं १२ बोअरचीं काडतुसें तेथें होतात. पण कारखान्याचें मुख्य काम सैन्याचें. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेला, तरी हा क्रम बदलला नाहीं. दुसरें कारण, परवानेदार विक्रेते बहुधा मोठ्या शहरांत असतात. तिसरें कारण परवान्यावरच लिहिलेलें असतें: एका वेळीं किती काडतुसें जवळ ठेवावीं आणि वर्षांत किती विकत घ्यावीं, असे दोन आंकडे तेथें असतात. पुष्कळ शेतकरी हे आंकडे वाचीत नाहींत, आणि वर्षाची खरेदी आश्विनांत एकदम करूं पाहतात. त्या वेळीं दुकानांत गर्दी व माल थोडा, हें ठरलेलेंच.

चौथें कारण निवडणुकीचें. विधानसभेचें मतदान २०१४ सालीं १५ ऑक्टोबरास, २०१९ सालीं २१ ऑक्टोबरास व २०२४ सालीं २० नोव्हेंबरास झालें. म्हणजे आचारसंहितेचा काळ नेमका भात पिकण्याच्या व कापणीच्या दिवसांशीं जुळला. त्या काळांत बंदुका पोलीस ठाण्यांत जमा करण्यास सांगतात. जिल्ह्यांत यासाठीं छाननी समिती असते. राखणीचें कारण दाखवून तिच्याकडे लेखी अर्ज करावा. बंदूक जमा करावी लागलीच, तर ती रिकामी करून, साफ करून, तेल लावून द्यावी व पावती जपून ठेवावी.

काडतूस म्हणजे काय?

१२ बोअर या नांवाचा अर्थ पुष्कळांस ठाऊक नसतो. एक रत्तल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळींत बरोबर बसेल, ती नळी १२ बोअरची. काडतुसांत पांच वस्तू असतात: कवच, बुडाची टोपी, दारू, डाट आणि छर्रे. चाप ओढला म्हणजे टोपीवर आघात होऊन ठिणगी पडते, दारू पेटते, तिचा वायु डाटास ढकलतो व डाट छर्ऱ्यांस पुढें लोटतो. हें सर्व डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं होतें. आणि होतांना जो दाब उत्पन्न होतो तो सहन करण्याचें काम धरणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावरील लोखंडास करावें लागतें.

पूर्वीं पितळी कवचें मिळत. तीं पुन्हां पुन्हां भरतां येत, आणि महायुद्धाच्या काळांत, १९३९ ते १९४५ या वर्षांत, विलायती माल दुर्मिळ झाला तेव्हां अशा कवचांची किंमत शिकाऱ्यांस कळली. परदेशांत आजही कित्येक लोक कायद्यानें मुभा असल्यामुळें हें काम घरीं करतात. पण त्यांच्याजवळ तोलण्याचीं नाजूक यंत्रें, कारखान्यानें छापलेलीं प्रमाणें व ठराविक जातीची दारू असते. अंदाजानें कोणी भरीत नाहीं.

धोका कोठें आहे, हें नीट ध्यानांत घ्यावें. दारू दोन प्रकारची: काळी आणि बिनधुराची. दोहोंचें रूप अजाण डोळ्यास सारखें भासेल, पण जोरांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. काळ्या दारूच्या मापानें बिनधुराची दारू भरली, तर नळी फुटते व बोटें जातात. फटाक्यांतून काढलेली दारू तर कोणत्याच बंदुकीची नव्हे. एकदां उडालेलें कागदी वा प्लास्टिकचें कवच तोंडाशीं चिरलेलें असतें. टोपी दाबून बसवितांनाच पेटूं शकते. शिवाय जुन्या बंदुकींचें घर अडीच इंचांच्या काडतुसाचें असतें. त्यांत पावणेतीन इंचांचें काडतूस शिरतें, पण उडतांना त्याचें तोंड पुरतें उघडण्यास जागा मिळत नाहीं व दाब वाढतो. विकत घेतलेल्या काडतुसाचीही लांबी म्हणूनच पाहून घ्यावी.

कायदा काय म्हणतो?

हत्यारांचा पहिला सर्वत्र लागू झालेला कायदा १८७८ चा. सध्यां १९५९ चा कायदा व २०१६ चे नियम चालू आहेत. त्या कायद्याच्या पांचव्या कलमानें परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येंत त्याचे भाग व तो बनविण्याचीं यंत्रेंही येतात. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसें बनविण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनें या गुन्ह्याची शिक्षा फार कडक झाली आहे. सारांश, दहा काडतुसांच्या काटकसरीसाठीं बंदूक, परवाना व स्वातंत्र्य हीं तिन्ही पणास लावणें शहाणपणाचें नाहीं. शेजाऱ्यास काडतूस उसनें देणें हाही हस्तांतराचाच प्रकार आहे, तोही टाळावा.

मग हातानें बार भरण्याचा कायदेशीर मार्ग नाहींच काय? आहे, आणि तो आपल्या पूर्वजांच्या ओळखीचा आहे. ठासणीची बंदूक हें भरूनच वापरण्याचें हत्यार होय. १९५९ च्या कायद्याच्या तेराव्या कलमांत पिकाच्या राखणीसाठीं ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि ती पुरेशी नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देण्याचीही तेथें सोय आहे. ठासणीच्या बंदुकीस कवच लागत नाहीं. दारू व टोप्या (ज्यांस आपल्याकडे केप म्हणतात) मात्र परवान्यावर, परवानेदार दुकानांतूनच घ्याव्या. माप बंदुकीच्या जातीप्रमाणें जाणत्याकडून ठरवून घ्यावें, एकच मापटें नेहमीं वापरावें, आणि तींत काळीच दारू घालावी. बार आधींच भरलेला आहे कीं नाहीं, हें गज आंत घालून त्यावरील खुणेनें पाहावें. दुहेरी बार हा अपघाताचा मोठा उगम आहे.

आहे तें पुरविण्याचे उपाय

१. दारू व काडतुसें कोरडीं ठेवावीं. कोंकणांत पावसाळ्यांत कोरडी जागा म्हणजे चुलीवरचा माळा, अशी आपली समजूत. बियाण्यास ती योग्य, दारूस प्राणघातक. घट्ट झांकणाच्या डब्यांत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह, चुलीपासून दूर व कुलपांत हीं ठेवावीं. टोप्या व दारू एकत्र ठेवूं नयेत. रायगडावरही दारूचीं कोठारें राजवाड्यापासून अलग होतीं. आणि मे १८१८ मध्यें इंग्रजांनीं पोटल्याच्या डोंगरावरून केलेल्या तोफांच्या माऱ्यानें गडावर आग लागून काय झालें, हें आपणांस सांगावयास नको.

२. ओलें काडतूस उन्हांत वा शेगडीजवळ वाळवूं नये. कागदी कवच फुगलें असेल तर तें नळींत दडपूं नये. विक्रेत्यास किंवा पोलीस ठाण्यास विचारून त्याची विल्हेवाट लावावी.

३. काळ्या दारूची राख ओल धरते व नळी एका रात्रींत गंजते. त्याच दिवशीं गरम पाण्यानें धुवून, पुसून, तेलाचा हात द्यावा. फुकट गेलेल्या बारांपैकीं बरेचसे मळलेल्या छिद्रामुळें फुकट जातात.

४. बार न उडाल्यास बंदूक निर्जन दिशेस धरून निदान दोन मिनिटें थांबावें. दारू उशिरानेंही पेटते.

५. आवाजासाठीं काडतूस खर्चूं नये. माळ्यावर पाळीनें जागणारे दोघे, पत्र्याचे डबे, गोफण व शेकोटी यांनीं कळप बहुधा परततो. वाडींतील सर्वांनीं पाळ्या वांटून घेतल्यास एकट्यास जागरण पडत नाहीं. वरच्या अंगास सौर कुंपण घालतां आल्यास उत्तम; घरच्या विजेची तार मात्र कदापि सोडूं नये, ती माणसाचाही जीव घेते.

६. झुडूप हललें म्हणून बार टाकूं नये. गड चढणारे लोक आपल्याकडे पहांटेच्या अंधारांतही वाट चालत असतात.

दोन कागद

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा असून त्याची मोठी दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. रानडुक्कर आतां दुसऱ्या अनुसूचींत आहे. उभ्या पिकांस उपद्रव देणाऱ्या अशा जनावरास मारण्याची परवानगी अकराव्या कलमाखालीं वनखात्याचा अधिकृत अधिकारी लेखी देतो; ती हातांत आल्यावांचून बार टाकूं नये. नुकसान झालें असल्यास त्याच दिवशीं वनखात्यास कळवून पंचनामा मागावा.

कचेरींत वर्षें काढल्यावर आम्हांस एवढें उमगलें आहे कीं, कागद वेळेवर ठेवणाऱ्याचें काम सहसा अडत नाहीं. यास्तव वैशाखांतच तीन गोष्टी कराव्या: सात-बारा व आठ-अ चे ताजे उतारे काढावे; परवान्याची मुदत पाहून ती संपण्यापूर्वीं दोन महिने नूतनीकरणाचा अर्ज द्यावा; आणि वर्षाच्या खरेदीपैकीं निम्मी पावसापूर्वीं उरकावी. एका वहींत काडतूस केव्हां घेतलें, केव्हां व कशावर उडविलें, हें लिहीत जावें. अशी वही असणाऱ्याचें एकही काडतूस वायां जात नाहीं, व विचारणा झाल्यास उत्तरही हातीं असतें. पीक राखणारे शेतकरी याचा विचार करतील, अशी आशा आहे.