शेजाऱ्याला दिलेला पत्ता

नकाशावर वसईजवळच्या वटारपासून उत्तरेकडे पट्टी ठेवा. ५० किलोमीटरांच्या आतच तारापूरचे अणुवीजकेंद्र लागेल. अशा केंद्रांचे अक्षांश-रेखांश भारत दर वर्षी १ जानेवारीला पाकिस्तानला कळवतो. पाकिस्तानही आपल्या केंद्रांचे कळवतो. प्रतिस्पर्ध्याला आपण होऊन पत्ता द्यायचा, हे विचित्रच नाही का?

याचे कारण भौतिकीत सापडते. तारापूरची मोठी अणुभट्टी ५४० मेगावॅट वीज देते. त्यासाठी उष्णता लागते सुमारे तिप्पट. शोषक दांडे सोडून विखंडन थांबवले, तरी आधीच तयार झालेल्या किरणोत्सारी अणूंचा ऱ्हास चालूच राहतो. भट्टी बंद होताक्षणी मूळ उष्णतेच्या सुमारे ६ टक्के, म्हणजे जवळजवळ १०० मेगावॅट उष्णता निघत असते. (ती थांबवणारे बटणच नाही!) शीतन बंद पडले, की इंधन वितळू लागते. २०११ साली फुकुशिमात त्सुनामीमुळे तेच झाले. साधा बाँबही हे करू शकेल.

म्हणून ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबादला करार झाला : एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. पत्ता दिला, की ‘ठाऊक नव्हते’ ही सबब उरत नाही. शिवाय एवढ्या मोठ्या इमारती लपणार तरी कोठे?

या कराराने एकही अण्वस्त्र कमी झाले नाही, हे खरे. १९९८ मध्ये दोन्ही देशांनी अणुचाचण्याही केल्या. मात्र १ जानेवारी २००२ रोजी, सीमेवर सैन्ये जमत असतानाही, याद्यांची देवाणघेवाण झाली.